झडीचे दिवस आणि घरातली दोन लहान मुले

प्रश्न: जळगावात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका आईने विचारले आहे. मोठा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि धाकटी मुलगी दीड वर्षाची. वडील सुरतेला नोकरीला असतात आणि शनिवारी रात्री घरी येतात. सासूबाई सोबत राहतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना मुलांच्या मागे धावता येत नाही. झड लागली की मुले दिवसभर किरकिर करतात, नवी खेळणी चार मिनिटांत बाजूला टाकतात आणि मोबाइल समोर असल्याशिवाय जेवत नाहीत. धाकटीला मागच्या महिन्यात सर्दी झाल्यापासून त्यांना पावसात खाली न्यायची भीती वाटते. काय करावे?

उत्तर: ताई, मी अमळनेर आणि चोपडा तालुक्यांतल्या बालवाड्यांत ३२ वर्षे काम केले आणि पावसाळ्यात ही तक्रार दरवर्षी ऐकली. आपल्याकडचा पाऊस कोकणातल्यासारखा सलग चार महिन्यांचा नसतो. कोकणातल्या घराला पडवी असते आणि तिथल्या मुलांना पावसाची सवय असते. आपली मुले मात्र अंगणात, ओट्यावर, गच्चीवर आणि पार्किंगमध्ये वाढतात, कारण खानदेशात ऐन पावसाळ्यातही उघाडीचे दिवस बरेच मिळतात. मग एखाद्या आठवड्यात आभाळ उतरते, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते आणि तीन-चार दिवस कोणी घराबाहेर पडत नाही. त्या दिवसांत मुलांचे एकाएकी काय थांबते, हे पाहिले तर पुढचे बरेचसे आपोआप सुचते. त्यांचे चालणे, पळणे, चढणे आणि ओढणे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे, म्हणजे पूर्ण तीन तास, शारीरिक हालचाल हवी असे म्हटले आहे. उघाडीच्या दिवशी एवढी हालचाल कोणाच्या लक्षातही न येता होते. झडीच्या दिवशी ती एका तासावरही जात नाही, आणि उरलेली किरकिरीच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून मुलांची करमणूक कशी करावी, हा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि त्यांचे अंग कसे थकवावे, याचा विचार आधी करा. बैठे खेळ त्यानंतर घ्यावेत. बहुतेक घरांत नेमके उलटे होते: सकाळीच रंगखडू आणि पुस्तके काढली जातात, दहा वाजेपर्यंत ती संपतात आणि मग मोबाइल निघतो.

अंग थकवण्यासाठी मोठे घर लागत नाही. गाद्या आणि तक्के जमिनीवर टाकून डोंगर करावा, त्यावर चढावे आणि घसरावे. फरशीवर खडूने लांब वळणदार रेघ काढावी आणि तिच्यावरून एकदा हत्तीसारखे, एकदा मांजरासारखे चालावे. धाकटीला चादरीवर बसवून मोठ्या मुलाने चादर ओढावी. घरी बंगई असेल तर तिचा उपयोग करावा, पण झोका मंद असावा आणि दुसरे मूल तिच्या वाटेत येणार नाही, हे एका मोठ्या माणसाने पाहावे. यापेक्षाही मला उपयोगी वाटतात ती जड कामे. दोन किलो बटाट्यांची दुरडी एका खोलीतून दुसरीत ओढत नेणे, पिठाचा बंद डबा ढकलत स्वयंपाकघरात पोचवणे, ओल्या कपड्यांची बादली दोघांनी मिळून सरकवणे, अशा कामांत हातापायांच्या स्नायूंना आणि सांध्यांना जोर लावावा लागतो आणि असा जोर लावल्यावर मूल शांत होते. हे मी शेकडो मुलांत पाहिले आहे. बालवाडीत सर्वांत दंगेखोर मुलाला मी पाण्याचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून दुसऱ्या टोकाला न्यायला सांगत असे. परत येताना तो निराळाच मुलगा असे.

खेळण्यांबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते ३० महिने वयाच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळताना दिसली. तुमच्या घरातली निम्म्याहून अधिक खेळणी आजच पिशवीत भरून कपाटावर ठेवा आणि दर आठवड्याला चार-पाच बदलून काढा. नवीन मात्र आणू नका. चार मिनिटांत खेळणे टाकणे हे या वयाला साजेसेच आहे, त्यात मुलांचा काही दोष नाही. शिवाय बरीचशी विकत आणलेली खेळणी एकच गोष्ट करतात. बटण दाबले की वाजतात. त्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला सर्वांत अधिक ओढ मोठ्या माणसांच्या खऱ्या कामाची असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात महागड्या परदेशी साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तूंनी मुलांना शिकवले जाई. मी तर पुढे जाऊन म्हणेन की झडीच्या दिवशी घरातले काम हेच सर्वांत चांगले साधन असते, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. काम तुमचे असते, मूल त्यात एक टोक धरते. कोथिंबीर आणि मेथी निवडणे, गवारीच्या शेंगा मोडणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे, उकडलेल्या आणि निवालेल्या बटाट्याची साल काढणे, मक्याच्या कणसाची पाने आणि रेशीम ओढून काढणे, ही कामे तीन वर्षांचे मूल वीस मिनिटेही करते. दीड वर्षाचे मूल तेच काम पाच मिनिटे करते आणि त्यातली तीन मिनिटे पाने तोंडात घालण्यात जातात, हे गृहीत धरावे. कळण्याची भाकरी करताना पिठाचा छोटा गोळा पाटावर थापायला द्यावा. तुमची भाकरी तव्यावर फुगते तेव्हा त्यांचीही वेडीवाकडी चानकी बाजूला भाजावी आणि जेवताना त्यांच्याच ताटात वाढावी. आपण केलेली भाकरी न खाणारे मूल मी क्वचितच पाहिले आहे. झडीत कपडे वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात, त्याचाही उपयोग होतो. मोजे आणि रुमाल खुर्चीच्या दांडीवर वाळत घालायला सांगावे, वाळले का ते हात लावून पाहायला सांगावे, ओला आणि कोरडा असे दोन ढीग करायला सांगावे. तीन वर्षांच्या मुलाला मोज्यांच्या जोड्या लावायला दिल्या तर त्यात वर्गीकरणाचा पूर्ण पाठ होतो.

हे सर्व करताना काम लांबते आणि जमीन खराब होते. ते आधीच मान्य करून, अर्ध्या तासाच्या कामाला एक तास लागेल अशा बेताने बसले तर चिडचिड होत नाही. पाहुणे यायचे आहेत आणि भाजी झालीच पाहिजे अशा दिवशी मात्र मुलांना कामात घेऊ नये. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशातली देवी कानबाई बसते, तेव्हा अनेक घरांत भाऊबंद एकत्र जमतात, रोटांच्या नैवेद्याची धांदल असते आणि घर भरलेले असते. अशा वेळी लहान मुलाला करमणुकीपेक्षा एका शांत खोलीची आणि ओळखीच्या एका माणसाची गरज असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दीड वर्षाची मुलगी काय करते, ते दोन दिवस नुसते पाहा. मुलांना या वयात एकेका क्रियेची धून लागते. कोणी सतत भरते आणि रिकामे करते, कोणी सर्व काही फेकते, कोणी वस्तू झाकते आणि उघडते, कोणी रांग लावते, कोणी एका जागेवरून दुसऱ्या जागी वस्तू वाहत राहते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या अशा पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृतींमागे विचाराचे साचे असतात असे मांडले, आणि बालशिक्षणात आजही त्याचा उपयोग होतो. धाकटी फेकणारी असेल तर तिला रागावण्याऐवजी मोज्यांचे गोळे आणि एक टोपली द्यावी. भरणारी असेल तर स्वयंपाकघरातला खालचा एक कप्पा तिच्या नावावर करून त्यात झाकणाचे डबे, वाट्या, गाळणी आणि लाकडी पळी ठेवावी. झाकणारी असेल तर ओढणी आणि गोधडी पुरते. मुलाची धून ओळखून साहित्य दिले की तेच मूल पंधरा-वीस मिनिटे रमते, आणि ती धून न ओळखता पन्नास सूचना वाचल्या तरी काही उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कणकेबद्दल एक सूचना. खेळण्यासाठी भरपूर मीठ घातलेली कणीक करण्याची पद्धत सांगितली जाते, कारण ती टिकते. धाकटी सर्व काही तोंडात घालते, आणि एवढे मीठ पोटात जाणे लहान मुलाला धोक्याचे असते. साधी पोळ्यांची कणीक, तेलाचा एक थेंब आणि रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस, एवढे पुरेसे आहे. खेळून झाले की टाकून द्यावी. हळदीचाच एक खेळ मोठ्यासाठी चांगला आहे. हळदीचे दाट पाणी कोऱ्या कागदावर फासून वाळवावे आणि मग कापसाच्या बोळ्याने त्यावर साबणाचे पाणी लावू द्यावे. पिवळ्यावर लाल रेघा उमटतात, कारण साबणाच्या अल्कधर्मी पाण्याने हळदीचा रंग बदलतो. कपडे मात्र जुने घालावेत.

डाळ, तांदूळ, ज्वारी परातीत घालून मुलांना चाळवत बसवण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. दीड वर्षाच्या मुलाला मी तो देणार नाही. माझ्या वर्गात एका मुलाने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला होता. घाबरून कोणी तरी नाकात पाणी सोडले, दाणा फुगला आणि तो काढायला डॉक्टरांना बराच त्रास झाला. त्या दिवसापासून तीन वर्षांखालील मुलांसमोरून चिंचोके, हरभरे, मणी आणि गुंड्या मी कायमच्या उचलल्या. शेंगदाणा तर आपल्याकडे प्रत्येक घरात असतो आणि श्वासनलिकेत अडकण्याच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट वस्तूंपैकी एक आहे. चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊ नयेत, कूट द्यावा. परातीत चाळवायला द्यायचेच तर कोंडा किंवा रवा द्यावा. खेळण्यातल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल बॅटऱ्यांची झाकणे स्क्रूने घट्ट बसवलेली आहेत का, हे आजच पाहा. अशी बॅटरी गिळली गेली तर ती अन्ननलिकेला दोन तासांतही भाजू शकते, म्हणून केवळ शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

शेतीच्या घरांत आणखी एक गोष्ट असते, आणि ती शहरात बसून लिहिणाऱ्यांना सुचत नाही. जून-जुलैत घरात कपाशीच्या बियाण्याची पाकिटे असतात. त्यातले बी औषध लावून रंगवलेले असते आणि लहान मुलाला ते खाऊच्या गोळ्यांसारखे दिसते. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन खेळायला देणे हेही मी अनेक घरांत पाहिले आहे. ते डबे कितीही धुतले तरी मुलांच्या हाती लागता कामा नयेत. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता, पण पावसाळ्यात गावी जाणे झाले तर बियाणे आणि औषधे ठेवलेली खोली कुठली आहे ते आधी विचारून तिला कडी लावून घ्या.

पाण्याचा खेळ हा झडीच्या दिवसाचा राजा आहे. मोरीत किंवा बाथरूममध्ये पसरट टबात तीन-चार बोटे पाणी घ्यावे. पेला, गाळणी, स्पंज, चमचा आणि झाकणे द्यावीत आणि पाऊण तास निश्चिंतपणे जवळ बसावे. बसावे हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, बादलीत ते खाली वाकले की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि बुडण्यासाठी थोडेसेही पाणी पुरते. दाराची घंटा वाजली तर मुलाला उचलून सोबत घेऊन दार उघडावे, आणि खेळ संपताच टब उपडा करावा. वर्तमानपत्राच्या होड्या याच टबात सोडाव्यात. होडी भिजून बुडते, दुसरी करावी लागते, आणि बुडणे हाच मुलांना त्यातला सर्वांत आवडता भाग असतो.

आमच्या एका बालवाडीचे छत गळत असे. जुन्या धाब्याच्या घरात ती भरत होती आणि मोठा पाऊस आला की चार-पाच ठिकाणी धार लागायची. आधी मी मुलांना कोपऱ्यात बसवून बादल्या मांडत होते. एके दिवशी एका मुलीने गळतीखाली स्टीलचे ताट सरकवले आणि टणटण असा आवाज आला. मग पितळी तांब्या, पत्र्याचा डबा, मातीचे मडके, प्लास्टिकचा डबा असे एकेक मांडून आम्ही तासभर आवाज ऐकत बसलो. मुले डोळे मिटून कोणते भांडे वाजते आहे ते ओळखत होती. तुमच्या घरात गळती नसेल, पण बाल्कनीच्या कठड्यापासून दूर, पत्र्यावरून पागोळ्या पडतात तिथे दोन भांडी ठेवता येतात, किंवा मोरीत नळाची धार बारीक सोडून हेच करता येते. भांडे भरत गेले की आवाजही बदलतो, हे तीन वर्षांच्या मुलाच्या लक्षात येते.

पोळा जवळ आला की मातीचे बैल करण्याचे निमित्त मिळते. आपली काळी माती भिजली की लोण्यासारखी होते आणि हाताला चिकटते, म्हणून उघाडीच्या दिवशीच कोरडी माती आणून, चाळून, डब्यात भरून ठेवावी. खत आणि फवारणी झालेल्या शेतातली माती घेऊ नये. तीन वर्षांच्या मुलाचा बैल बैलासारखा दिसणार नाही. चार पाय आणि एक गोळा झाला की त्याचे काम झाले. आपण त्याचा बैल सुधारून देऊ नये. हात धुऊन घ्यावेत आणि १६ ते २४ महिन्यांत द्यायचा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात) लसीचा बूस्टर धाकटीला मिळाला आहे का, ते एकदा कार्डावर पाहून घ्यावे.

दोन मुलांची भांडणे हा तुमच्या प्रश्नात न लिहिलेला, पण हमखास असलेला भाग आहे. मोठा डब्यांचा मनोरा रचतो आणि धाकटी तो पाडते. तीन वर्षांच्या मुलाला समजूतदारपणा शिकवून हे सुटत नाही, जागा बदलून सुटते. त्याचा खेळ पलंगावर किंवा टेबलावर हलवावा, तिचा खेळ जमिनीवर ठेवावा, आणि दिवसातून एकदा मुद्दाम असा खेळ घ्यावा की ज्यात त्याने रचायचे आणि तिने पाडायचे, हे ठरलेले असेल. धाकट्या वयाची मुले एकमेकांशेजारी बसून आपापलेच खेळतात. एकत्र खेळत नाहीत म्हणून त्यांना एका खेळात ढकलू नये.

सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांचा वाटा कमी होतो असे मानू नका. पलंगावर बसून त्या जे देऊ शकतात, ते तुमच्या धावपळीत तुम्हाला देता येत नाही. पाय पसरून समोर बसवलेल्या नातवाकडे चेंडू सरकवणे, ओढणीखाली वस्तू लपवून ओळखायला लावणे, छत्री उघडून तिचे घर करणे, बोटांवरच्या गोष्टी सांगणे, हे त्यांना बसल्या जागी जमते. त्यांना अहिराणीत बोलू द्या. शहरात आल्यावर मुलांसमोर अहिराणी बोलायची नाही, असा दंडक अनेक घरांत असतो, आणि त्यामुळे आजीचे बोलणे निम्म्यावर येते. मुलाला दोन बोली एकाच वेळी सहज येतात. न बोलणाऱ्या आजीकडून मात्र एकही येत नाही.

इथूनच मोबाइलकडे वळते. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत मँडरिन चिनी भाषा ऐकवली गेली. ज्या बाळांसमोर माणूस प्रत्यक्ष बसून बोलत आणि खेळत होता, त्यांना त्या भाषेतल्या ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. ज्यांनी तेच बोलणे पडद्यावर पाहिले, त्यांना तो ओळखता आला नाही. त्यामुळे मोबाइलवरच्या गाण्यांनी मूल शब्द शिकते या समजुतीवर फार विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर सांगितलेल्या तत्त्वांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक नको; कमी असेल तितके बरे. वडिलांशी सुरतेला होणारा व्हिडिओ कॉल मी यात धरत नाही, कारण तिथे समोरून उत्तर येते. तो रोज एकाच वेळी ठेवा आणि त्या वेळी वडिलांनी प्रश्न विचारण्यापेक्षा काही तरी दाखवावे, वाचावे किंवा लपाछपी खेळावी. बरीच लहान मुले ‘जेवलास का’ या प्रश्नाला तोंड फिरवतात.

जेवणाच्या वेळचा मोबाइल सोडवायला झडीचा आठवडा निवडू नये, असे काही जण म्हणतात. मला उलट वाटते. या दिवसांत तुम्हीही घरात असता, भूक लागेपर्यंत थांबता येते आणि सकाळभर अंग थकलेले असले की मूल ताटाकडे वळते. पहिल्या दिवसापासून तिन्ही जेवणे न बदलता फक्त दुपारचे जेवण सर्वांनी खाली एकत्र बसून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस मूल कमी खाईल. निरोगी मुलाचे त्याने बिघडत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलावे, मागे लागून भरवू नये, आणि मधल्या वेळेत बिस्किटे देऊन ती भूक मारू नये. आठवड्याने रात्रीचे जेवणही असेच घ्यावे.

संध्याकाळी चार ते सात ही सर्वांत कठीण वेळ असते. आभाळामुळे दुपारीच अंधार पडतो, मुले दुपारी तीन तास झोपतात आणि मग रात्री अकरापर्यंत जागतात. दुपारची झोप साधारण दोन तासांवर, हळूच पडदा सारून आणि ओळखीच्या आवाजांनी मोडावी. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. हा हिशेब चोवीस तासांचा धरावा. उठल्यावर पुन्हा एकदा गाद्यांचा डोंगर किंवा चादरीची गाडी घ्यावी, बैठे खेळ नकोत. वीज गेली तर ती संधी समजावी: टॉर्चचा झोत भिंतीवर पाडून हाताच्या सावल्या दाखवाव्यात. गडगडाटाने मूल घाबरले तर ‘काही नाही, घाबरू नकोस’ असे न म्हणता, ‘मोठा आवाज झाला, तू दचकलास, मी इथे आहे’ असे म्हणून जवळ घ्यावे. भीतीला नाव मिळाले की ती आटोक्यात येते.

आता बाहेर नेण्याबद्दल. पाऊस अंगावर पडल्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंनी होते, आणि बंद खोलीत माणसे एकमेकांच्या जवळ राहिली की ते अधिक सहज पसरतात. म्हणून दिवसाकाठी खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात आणि रिमझिम असताना मुलांना दहा-पंधरा मिनिटे खाली न्यावे. विजा होत असतील तर अजिबात नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ जात असेल तर ती जवळ आहे असे समजून घरात थांबावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट पाहावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲपही परिसरातल्या विजांची सूचना देते. विजेचे खांब, भिजलेली मीटरची खोली आणि लोखंडी फाटक यांपासून मुलांना दूर ठेवावे. गटारीचे आणि रस्त्यावर तुंबलेले पाणी टाळून, इमारतीच्या आवारातल्या स्वच्छ डबक्यात पाय आपटू द्यावेत. मृगाच्या सुमारास लाल मखमली किडे निघतात, पुढे गोगलगायी आणि वाणी दिसतात. ते नुसते बघायचे, हातात घ्यायचे नाहीत, असा नियम केला तर पंधरा मिनिटे अपुरी पडतात. घरी ठेवलेले बूट घालण्यापूर्वी झटकून पाहावेत; पावसात विंचू कोरड्या जागेच्या शोधात आत येतात.

उन्हाळ्यातला कूलर अजून बाल्कनीत असेल आणि त्यात पाणी असेल तर ते आजच काढून टाकी घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणजे मुले खेळत असतात तेव्हाच. कूलरचे खोके कुठे ठेवलेले असेल तर तेवढे फेकू नका. दोन्ही बाजू उघडल्या की त्याचा बोगदा होतो.

धाकटीला ताप असेल तर अर्थातच तिला खाली नेऊ नये. खोकला असताना ती शांत असेल तेव्हा तिचे पोट एक पूर्ण मिनिट पाहून श्वास मोजावेत. एक वर्षावरील मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जात असली किंवा ती पाणी पीत नसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. केवळ नाक वाहत असेल आणि मूल खेळत असेल तर पंधरा मिनिटांच्या रिमझिमीने त्यात भर पडत नाही. खाली जाण्यापूर्वी दोन कोरडे टॉवेल आणि दोन जोड कपडे दाराजवळच्या खुर्चीवर काढून ठेवा, सासूबाईंना गॅसवर दूध ठेवायला सांगा आणि परत आल्यावर आधी डोके पुसा, मग पाय साबणाने धुवा.